आईच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा माझ्या आईच्या. माझी आई गाडी चालवायला शिकवते. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना रस्त्यावर सोडण्याचं पुण्य म्हणा, पाप म्हणा, तिच्याच नावावर आहे. "तुमचा ब्रेक शिकायला, माझा ब्रेक जगायला," असं ती पहिल्याच दिवशी प्रत्येकाला ऐकवते. समोरच्याचा चेहरा पडतो, आई खो खो हसते आणि म्हणते, "चला, आता क्लच दाबा."

त्या दुपारी स्टिअरिंगवर सॉरीबाई होत्या. आई सगळ्या विद्यार्थ्यांना टोपणनावं देते, अर्थात त्यांच्या पाठीमागे. सॉरीबाईंचं फुलांचं दुकान आहे आणि गुच्छ स्वतः पोचवायचे म्हणून त्यांना लायसन्स हवंय. गाडी बंद पडली की त्या मागच्या गाडीला सॉरी म्हणतात. सिग्नल लाल झाला की सिग्नलला म्हणतात. एकदा तर त्यांनी खड्ड्याची माफी मागितली होती. दोन दिवसांनी त्यांची लायसन्सची परीक्षा होती, म्हणून आई रोज त्यांना जादा वेळ देत होती आणि त्याच फेरीत मला शाळेतून उचलत होती. मी मागच्या सीटवर मधोमध बसले होते, गुडघ्यावर हँडबॉलची बॅग.

मी शाळेच्या टीमची गोलकीपर आहे. याच वर्षी झाले. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीला "हजर" म्हणायचे तेसुद्धा बेंचखाली शोधावं लागेल अशा आवाजात. आता मी गोलमधून आख्ख्या बचावफळीवर ओरडते आणि मोठ्या मुली मुकाट्याने सरकतात! हे सांगायचं कारण एवढंच, की चेंडू कधी सुटला आणि हात कधी हलला यातलं अंतर मला कळतं. ते बघायची सवयच लागली आहे डोळ्यांना.

शाळेमागच्या रस्त्याला वळलो. पुढे एक टेम्पो उभा होता, त्यात लोखंडी पाइप भरलेले. पाइप हौद्यात मावत नव्हते, चांगले हातभर बाहेर आले होते आणि टोकाला लाल फडकं बांधलं होतं. सॉरीबाई आरशात बघत होत्या, कारण मागून कुणीतरी हॉर्न दिला होता आणि त्या त्याची माफी मागत होत्या.

आईने टेम्पो पाहिला. मी शपथेवर सांगते, तिने पाहिला. तिची मान वर होती, डोळे समोर होते. मी दोन सीटांच्या फटीतून तिचा पाय बघत होते, कारण आता तो उचलणार हे मला ठाऊक होतं. नेहमी उचलतो. बोलता बोलता, हसता हसता, फोनवर कुणाला झापतानासुद्धा तिचा पाय बरोब्बर ब्रेकवर जातो.

पाय खालीच राहिला.

फडकं मोठं मोठं होत गेलं.

"आई! ब्रेक!"

आवाज गोलमधला होता. गाडी अशी थांबली की माझं नाक पुढच्या सीटवर आपटलं. इंजिन बंद पडलं. पाइप बॉनेटच्या वर आले होते आणि ते लाल फडकं समोरच्या काचेवर अलगद टेकलं होतं. वाऱ्याने काच पुसल्यासारखं हलत होतं. पाइपची गोल तोंडं सॉरीबाईंच्या चेहऱ्यासमोर, मध्ये फक्त काच.

"सॉरी," सॉरीबाई म्हणाल्या. पण कुणाला ते त्यांनाही माहीत नसावं.

आईने हँडब्रेक ओढला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काही झालं का? नाही ना? मग. गियर काढा, मागे आरसा बघा, हळूच मागे घ्या."

"तुम्ही होतात म्हणून वाचलो," सॉरीबाई म्हणाल्या.

आईने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. दोघींनाही माहीत होतं, की ब्रेक दाबायला लावलं ते मी.

*

घरी आल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, "तुझा पाय हललाच नाही."

"हलला नसता तर गाडी थांबली कशी?"

"मी ओरडल्यावर हलला."

"तू ओरडायच्या आधीच मी दाबत होते. तू हल्ली कशावरही ओरडतेस. चहा टाक."

बाहेर लोक रुमालाने मान पुसत होते आणि आई स्वेटर घालून, वर शाल घेऊन खुर्चीत बसली होती. तिच्या पापण्या सुजल्यासारख्या दिसत होत्या. चहा होईपर्यंत तिला डुलकी लागली. ही तीच बाई, जी पूर्वी जेवता जेवता उठून खिडकीतून खालच्या माणसाला चुकीच्या पार्किंगवरून बोलून यायची!

आता हा सगळा घोळ नीट सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या बाबांसारखं "म्हणजे नेमकं काय?" म्हणाल. बाबा दुसऱ्या गावी कारखान्यात आहेत, सुट्टीला येतात, आणि फोनवर त्यांना हा घोळ कधीच पूर्ण कळला नाही.

आईची थायरॉईड ग्रंथी आळशी आहे. हे डॉक्टरांचे शब्द, माझे नाहीत. ग्रंथी कमी काम करते म्हणून आई बरीच वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी घेते, आणि गोळी घेतली की छान असते. पण सहा-सात महिन्यांपूर्वी तिचे केस गळायला लागले. विंचरताना हातात पुंजके यायचे. तेव्हा माझ्या मावशीने सूत्रं हाती घेतली.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. पडदे आणि उशांच्या खोळी शिवते, आणि शिवता शिवता सगळ्या गिऱ्हाइकांचे आजार ऐकते. गेल्या वर्षी तिला स्वतःला फार त्रास झाला. अंगातून वाफा निघायच्या, झोप लागायची नाही, उगाच रडू यायचं. मग तिने कुठल्याशा मुळ्यांच्या पावडरी घ्यायला सुरुवात केली आणि ती बरी झाली. खरंच बरी झाली, ते मी नाकारत नाही. पण तेव्हापासून जगातला प्रत्येक माणूस तिच्या दृष्टीने एका चमच्यावर बरा होण्यासारखा आहे. आईसाठी तिने खास मिश्रण बनवलं. ती त्याला "संतुलन" म्हणते. रोज दुधातून घ्यायचं.

तीन महिन्यांनी आईने रक्त तपासलं. रिपोर्ट बघून आम्ही उडालोच. थायरॉईड कमी नाही, उलट जास्त! आईने रिपोर्ट फोनवरून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी कळवलं, गोळी तुम्हाला जास्त होते आहे, डोस कमी करा.

मावशीने पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. "बघितलंस? बघितलंस? गोळी सुटायला लागली! ग्रंथी जागी झाली! डॉक्टरांना जमलं नाही ते माझ्या चमच्याने केलं."

आईही खूश होती. मी पण. आपल्या आईची रोजची गोळी सुटणार म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

फक्त एवढंच झालं, की डोस कमी केल्यापासून आई थंड पडत चालली. आवाज बसला. जिने चढताना मध्येच थांबायला लागली. वाक्य सुरू करून शेवटापर्यंत जाईना. केस तर आणखीच गळायला लागले. कागद म्हणत होता की ती भरधाव आहे, आणि ती माझ्या समोर शाल पांघरून चहाच्या वाफेत डुलक्या घेत होती.

*

संध्याकाळी मावशी आली. हातात नवी बरणी, ताजं मिश्रण. उद्या आईची डॉक्टरांकडे वेळ होती, दुसरा रिपोर्टही आला होता. मावशीने चष्मा लावून तो वाचला आणि मांडीवर थाप मारली.

"आणखी वाढलंय! म्हणजे गोळीची गरजच उरली नाही. उद्या त्या डॉक्टर बाईसाहेब गोळी बंदच करतात की नाही बघ."

"मावशी, आईला थंडी वाजते," मी म्हटलं. "थायरॉईड वाढलेल्या माणसाला उकडतं. आम्हाला शाळेत शिकवलंय."

"शरीर शुद्ध होत असतं तेव्हा थंडी वाजते."

"हे कुठे शिकवलंय?"

"अगं, जीभ बघ पोरीची!" मावशी आईकडे वळली. "गेल्या वर्षी हिला कुणी नाव विचारलं तरी तू सांगायचीस. कोणत्या साणेवर धार लावून आणलीस?"

आई हसली. पण हसू उशिरा आलं. विनोद होऊन गेला, मावशी बरणी उघडायला लागली, आणि मग आई हसली.

"आज गाडी पाइपात घुसणार होती," मी सांगून टाकलं.

मावशीचा हात थांबला. "काय?"

"काही नाही गं," आई पटकन म्हणाली. म्हणजे तिच्या मानाने पटकन. "सॉरीबाई आरशात बघत बसली. मी थांबवली ना गाडी."

"मावशी, डॉक्टरांना या पावडरीबद्दल माहीतच नाही. आईने सांगितलंच नाही."

"त्यांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का," आई म्हणाली. "हे औषध थोडंच आहे? दुधात घालायचं असतं."

"आई!"

"हे बघ, मी इतकी वर्षं लोकांना परीक्षेला बसवते. पहिला धडा काय? परीक्षक विचारेल तेवढंच बोलायचं. आपण होऊन सांगितलं की तो आणखी दहा गोष्टी विचारतो आणि नापास करतो. डॉक्टरांचं तसंच. पावडर म्हटलं की आधी भाषण, मग पावडर बंद. आणि तुझ्या मावशीने एवढ्या मायेने केलेलं मी कचऱ्यात टाकू?"

मावशीने बरणी उराशी धरली होती. तिचे डोळे भरून आले होते आणि मला तिची दयाही येत होती आणि रागही. तिने हे सगळं दुपारची झोप मोडून, वस्त्रगाळ करून केलं होतं. तिच्या हाताला सुईची भोकं असतात, त्यावर पावडरीचा पिवळा रंग बसला होता.

"उद्या मी पण येणार डॉक्टरांकडे," मी म्हटलं.

"तुझी प्रॅक्टिस आहे."

"असू दे."

"आणि तिथे तोंड उघडायचं नाही," आई म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर ते वचन झालं असतं.

*

दुसऱ्या दिवशी आईने सकाळपासून तीन विद्यार्थ्यांना गाडी शिकवली. मी वर्गात बसून प्रत्येक तासाला खिडकीबाहेर ॲम्ब्युलन्स ऐकत होते. एकही नव्हती, पण मला ऐकू येत होत्या. शाळा सुटल्यावर फाटकाशी आमची गाडी दिसली तेव्हा मी आधी तिच्याभोवती फिरून कुठे चेपली आहे का ते पाहिलं.

"काय हरवलं?" आईने विचारलं. डोळ्यांखाली एवढाल्या पिशव्या.

दवाखान्यात थंड बाकं होती आणि भिंतीवर घशाचं चित्र, त्यात ग्रंथी फुलपाखरासारखी पंख पसरून बसलेली. आईने शाल गुंडाळून घेतली. शेजारचा माणूस वर्तमानपत्राने वारा घेत होता, त्याचं पान तिच्या शालीला लागत होतं.

आमचा नंबर आला. डॉक्टर म्हणजे एक उंच, बारीक बाई. बोलताना हात सारखे चालू. त्यांनी रिपोर्ट पाहिला, भुवई उचलली, पुन्हा पाहिला.

"डोस कमी करूनही वाढलंय? मग गोळी बंदच करून बघावं लागेल." पेन कागदावर टेकलं. मग त्यांनी आईकडे नीट पाहिलं, आणि पेन तसंच राहिलं. "थंडी वाजते तुम्हाला?"

"थोडी."

"हात द्या." त्यांनी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. "हळू आहे. बरीच हळू आहे. या रिपोर्टवाल्या माणसाची धडधडायला हवी." त्यांनी आईच्या पापण्या पाहिल्या, पायाच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. "वजन?"

"वाढलंय जरा."

"काम कसं चाललंय?"

"उत्तम," आई म्हणाली.

"गोळीशिवाय आणखी काही घेता? कसलंही?"

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि पेन पुन्हा उचललं. "मग रिपोर्टवरच जावं लागेल."

आता बघा, गोलमध्ये एक क्षण असा येतो की चेंडू तुमच्या बाजूला येतोय हे बाकी कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. बचावातली मुलगी पाठ करून उभी असते. तिला राग येईल, लाज वाटेल, नंतर ती तुमच्याशी बोलणार नाही, हे सगळं माहीत असतं. तरी ओरडायचं असतं.

"घेते," मी म्हटलं. "ती रोज दुधातून पावडर घेते. मावशी बनवून देते. आणि काम उत्तम चाललेलं नाही. काल तिचा पाय ब्रेकवर गेला नाही आणि आम्ही तिघी पाइपांखाली जाणार होतो."

आईच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"बाहेर जाऊन बस," ती अगदी हळू म्हणाली.

"नाही. मी नाही जाणार."

"मी सांगते आहे तुला."

"बसू द्या तिला," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पेनला टोपण लावलं. "पावडरीत काय काय आहे?"

"मुळ्या आहेत," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "अश्वगंधा आणि आणखी कसल्या कसल्या. सगळं झाडपाल्याचं. त्याने काय होतंय?"

"अश्वगंधेनेसुद्धा थायरॉईड वरखाली होऊ शकतं. पण तेवढ्याने हे कोडं सुटत नाही. ती खरंच वाढवत असती तर तुम्ही अशा गारठलेल्या, सुस्त नसता. 'कसल्या कसल्या' म्हणजे काय?"

आईला माहीत नव्हतं. मी फोन काढला, मावशीला लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे शिलाई मशीनचा खडखडाट.

"काय म्हणाल्या बाईसाहेब? केली ना बंद गोळी?" मावशीचा आवाज खोलीभर घुमला.

"नमस्कार, मी डॉक्टर बोलते," डॉक्टर म्हणाल्या. मशीन थांबलं. "तुम्ही बहिणीला जी पावडर देता, त्यात काय काय घालता?"

"चांगलंच घालते हो. तुम्हा लोकांना आमच्या गोष्टींचं वावडं असतं, म्हणून सांगितलं नाही तिने. विष नाही घालत मी माझ्या बहिणीला."

"तसं कुणी म्हणत नाही. फक्त नावं सांगा."

मावशीने नावं सांगितली. मुळ्या, बिया, कसलंसं साल. डॉक्टर प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, आणि प्रत्येक मानेबरोबर माझा धीर सुटत होता. यातलं काहीच नसेल तर? मग मी आईला उगाच उघडं पाडलं आणि गोळी तरीही बंद.

"एवढंच?" डॉक्टरांनी विचारलं.

"एवढंच."

"मावशी," मी फोनजवळ वाकले. "मावशी, बाहेरून आणलेलं काहीच नाही? दुकानातलं? डबीतलं?"

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग मावशीचा बारीक आवाज, जो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

"ते केसांचं फक्त."

"केसांचं काय?"

"अगं, हिचे केस किती गळत होते! एका गिऱ्हाइकाने सांगितलं, केसांच्या कॅप्सूल येतात म्हणून. पण कॅप्सूल हिच्या घशाखाली उतरत नाहीत, लहानपणापासून ओकून काढते. आणि वरचं ते कवच प्लास्टिकचंच की. म्हणून मी कॅप्सूल फोडते आणि आतली पूड मिश्रणात मिसळते. तिला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर म्हणाली असती, ताई खर्च कशाला केलास."

"डबी जवळ आहे? वरचं वाचा."

कपाट उघडल्याचा आवाज, चष्मा शोधल्याचा आवाज. मग मावशी एकेक अक्षर लावत म्हणाली, "बा-यो-टिन."

डॉक्टरांनी टेबलावर तळवा आपटला. आई दचकली, पण तेही उशिरा.

"हेच! हे जीवनसत्त्व आहे, तसं निरुपद्रवी. पण केसांच्या कॅप्सूलमध्ये ते भरमसाट असतं. आणि रक्त तपासणारी काही यंत्रं त्याला फसतात. थायरॉईड कमी असलेल्या माणसाचं रक्त ती जास्त म्हणून दाखवतात." त्यांनी रिपोर्ट उलटा करून ठेवला. "तुमचं थायरॉईड कधी वाढलंच नव्हतं. या कागदावरून मी तुमची गोळी कमी केली, तीही फोनवर, तुम्हाला न बघता. ते माझं चुकलं. आणि आज मी ती बंद करत होते."

"बंद केली असती तर?" मी विचारलं.

"हळूहळू सगळंच मंदावलं असतं. शेवटी हृदयसुद्धा."

फोनमधून मावशीचा हुंदका आला. "मी तर केसांसाठी…"

"ताई, रडू नकोस," आई म्हणाली. फोन लागल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. "नंतर बोलते." तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

डॉक्टरांनी सांगितलं: पावडर आजपासून पूर्ण बंद, काही दिवसांनी पुन्हा रक्त, आणि उद्या सकाळपासून गोळी पूर्वीच्या डोसला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आणि गाडी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चालवायची नाही, शिकवायचीही नाही. मी सांगेपर्यंत. गोळीचा परिणाम दिसायला आठवडे लागतील."

"उद्या माझ्या विद्यार्थिनीची परीक्षा आहे."

"दुसऱ्या कुणाला पाठवा."

"ती दुसऱ्या कुणाबरोबर बसत नाही. घाबरट आहे. तिला मीच लागते." आईचा आवाज चिरकला. "डॉक्टर, मला कळतं हो गाडीत काय चाललंय ते. मी डोळे मिटून सांगेन कुठल्या गियरमध्ये आहे."

"कळतं ते खरं. पाय पोचत नाही, तेही खरं," डॉक्टर म्हणाल्या.

*

दवाखान्याबाहेर आमची गाडी उभी होती. आई माझ्यापुढे चालत गेली. तिने दार उघडलं, स्टिअरिंगसमोर बसली, पट्टा लावला. मी फुटपाथवरच उभी राहिले.

तिने काच खाली केली. "बस."

"नाही."

"दोन गल्ल्यांवर घर आहे. रस्ता रिकामा आहे. बस म्हणते ना."

"आत्ताच सांगितलं त्यांनी."

"ते उद्यापासून. परत तर न्यायला हवी ना गाडी? की इथेच टाकू, कुणी आरसे काढून नेण्यासाठी?" ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून होती. "तू आज मला तिथे उघडं केलंस. परक्या बाईसमोर. माझ्या बहिणीला रडवलंस. आता माझ्याच गाडीत बसायला तुला भीती वाटते?"

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं होतं मी मोठ्याने म्हणेन. तसं काही झालं नाही. माझा आवाज पुन्हा बेंचखालचा झाला होता. पण मी जागची हलले नाही. मनात आलं, ही निघाली तर मी काय करणार? गाडीसमोर उभी राहू? माझ्यासमोर तरी तिचा पाय वेळेवर जाईल का? या विचाराने मला एवढं रडू आलं की बॅग खांद्यावरून घसरली.

आईने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. समोरून एक सायकलवाली मुलगी आली, माझ्याएवढीच, मागे दप्तर बांधलेलं, एका हाताने केस सावरत. ती आमच्या गाडीला वळसा घालून गेली. आई तिच्याकडे बघत राहिली. मुलगी पार वळणापलीकडे गेली तरी आई तिथेच बघत होती, जणू ती अजून गाडीसमोरच आहे.

मग तिने इंजिन बंद केलं.

पट्टा काढायला तिला वेळ लागला. ती उतरली, गाडीला कुलूप लावलं आणि सॉरीबाईंना फोन लावला. म्हणाली, "उद्या मी नाही येऊ शकत. नाही, नाही, तुमचं काही चुकलं नाही. ऐका. माझी तब्येत ठीक नाही, आणि काल तुम्ही वाचलात ते माझ्यामुळे नाही. परीक्षा पुढची तारीख घेऊन द्या." पलीकडून बहुतेक सॉरी ऐकू आलं असावं, कारण आई म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला."

आम्ही चालायला लागलो. मी तिची बॅग मागितली तर तिने दिली नाही. मी रागात, भीतीत, सुटल्यासारखी झपाझप चालत होते. पहिल्या गल्लीच्या टोकाला मागे पाहिलं तर आई बरीच मागे राहिली होती. एका बंद दुकानाच्या पायरीला हात टेकून उभी होती, शाल खांद्यावरून घसरलेली.

मी धावत परत गेले.

"थांब जरा," ती धापा टाकत म्हणाली. मग तिने बॅग माझ्याकडे दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता आणि जड. "हळू चाल. मला तुझ्याबरोबर यायला जमत नाहीये."

"हो," मी म्हटलं, आणि तिचं पाऊल पडेपर्यंत माझं उचललं नाही.